अर्ध्या थैलीचा गहू
कृषी सहायकाच्या नोकरीत पगार महिन्याला मिळतो, किस्से मात्र रोज! सांगायला बसलो की चहा गार होतो. पण सारंगखेड्याजवळच्या धनराजआप्पांच्या मूग-गव्हाच्या प्लॉटचे किस्से सांगितल्याशिवाय मला राहवतच नाही.

*

मंदिराच्या ओट्यावर मीटिंग होती. मी सांगितलं, "मुगानंतर गहू घ्या. मूग जमिनीत नत्र सोडतो, एका थैलीच्या जागी अर्धी थैली युरिया पुरे."

आप्पांचे शेजारी भटूभाऊ लगेच उठले. "मूगच खत तयार करस, ते दुकानदारनी काय करानं?"

सगळे हसले. आप्पांना ते लागलं. "मी करस!" म्हणाले. मागून त्यांच्या बायकोचा, मंगलाकाकूंचा आवाज आला, "करा. पन गहू फसना ते पुढला सालपासून वावर मन्हा हुकूमवर चाली!"

आप्पा सगळ्यांसमोर 'हो' म्हणून बसले.

*

मुगाच्या मुळांवर गाठी असतात, नत्र तिथेच तयार होतं. मी झाड उपटून दाखवलं. भटूभाऊंनी फोटो काढला आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला: 'मुगाच्या मुळाला गाठी आल्या, औषध सांगा.'

संध्याकाळपर्यंत तीन दुकानदारांनी तीन औषधं सांगितली!

*

शेंगा तोडून झाल्या. मी म्हटलं, "आता हिरवा पाला जाळू नका, विकू नका, रोटाव्हेटर मारून जमिनीत गाडा."

काकूंनी पदर खोचला. "आनि म्हैसले काय सांगू? साहेबनी मीटिंग लियी म्हनीसन उपाशी ऱ्हाय?"

शेवटी दोन ओळी म्हशीला, बाकी जमिनीला असं ठरलं. दुसऱ्या दिवशी म्हैस दावं तोडून वावरात! तिला कुणी तडजोड सांगितलीच नव्हती.

*

गहू उगवला. पहिल्या पाण्याला आप्पांनी माझ्यासमोर मोजून अर्धी थैली टाकली. पण गाडलेला पाला कुजत होता, त्यामुळे गहू थोडे दिवस फिकट दिसला. मी म्हटलं, "धीर धरा, सुधारतो."

गाव कुठे धीर धरतं! भटूभाऊ रोज बांधावरून ओरडायचे, "आप्पा, गहूले कावीळ व्हयनी का?"

आप्पांनी चहाच्या टपरीवर जाणं सोडलं; तिथे भटूभाऊ एकटेच चहा ढवळत बसायचे. जेवणही कमी झालं. खरं सांगतो, मलाही अपराध्यासारखं वाटायचं.

*

आणि एका आठवड्यात गहू असा काही हिरवागार झाला की विचारू नका! काळपट हिरवा, आणि पुढे बघता बघता कमरेएवढा. आप्पा परत टपरीवर दिसू लागले. मी तर हवेतच होतो. तालुक्याच्या साहेबांना फोन करून शिवारफेरी ठरवली.

आदल्या दिवशी पाणी दिलं आणि थोडा वारा सुटला. सकाळी साहेब, मी, पन्नासेक शेतकरी बांधावर पोहोचलो, तर अख्खा गहू आडवा! शेजारपाजारचा सगळा उभा, आमचा तेवढा झोपलेला.

युरिया जास्त झाला की गहू माजतो आणि वाऱ्याला आडवा पडतो; साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आप्पांना विचारलं, "खरं सांगा, युरिया किती टाकला?"

आप्पांचे डोळे भरून आले. "आर्धी थैली, साहेब. देवनी आन!"

बायकांच्या घोळक्यातून मंगलाकाकू हळूच पुढे आल्या. मान खाली. "यास्नं तोंड उतरेल देखायनं नही माले... आर्धी मी टाकी."

आप्पा बायकोकडे बघतच राहिले. तेवढ्यात मागून भटूभाऊ डोकं खाजवत म्हणाले,

"आर्धी मी बी टाकी ना, वहिनी!"