मुकादम आणि छत्रीवाली

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी, नागपूरची गाडी लागली तेव्हा बाबा माझी बॅग उचलायला वाकले आणि दादाने ती त्यांच्या हातातून काढून घेतली. पांढरकवड्याचं बसस्टँड, सकाळचे साडेसात. बाबांचा अख्खा जन्म तहसील कचेरीत कारकुनी करण्यात गेला. निरोपही त्यांनी फाइलवर शेरा मारावा तसा दिला. "पोरी, तिथं कोणासमोर मान खाली घालू नको. अन् कोणाले उलटूनही बोलू नको." आई डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा दाबून पाहत होती. दादा खिडकीखाली आला. "तिकडं कोणी खेळाले भेटलं, तर माहा मुकादम त्याले देऊ नको. तो आपला हाय."

बाबांना वाटलं, कुणा माणसाबद्दल बोलतोय.

मुकादम आमच्या गेममधला होता. बसस्टँडच्या मागे रहीमभाईंचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पत्र्याचं छत, तीन उभी मशीनं, आणि ट्रकचा माल उतरेपर्यंत वेळ काढणारे क्लीनर. त्या दुकानात मुलगी म्हणून मी एकटीच जायचे, तेही दादा सोबत असला तर. कोपऱ्यातल्या मशीनवर दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या गेममधले लढवय्ये एकाच पडद्यावर उतरत. आपापल्या गेममध्ये ते राजे. इथं एकमेकांसमोर, नाहीतर एकमेकांचे जोडीदार. प्रत्येकाने दोघे निवडायचे. एक मार खाऊन थकला की बटण दाबायचं, दुसरा उडी मारून आत. त्यांची जपानी नावं आम्हाला वाचता येत नसत, म्हणून बारसं आम्हीच केलं. हातात सोटा घेतलेला जाडा तो मुकादम. छत्री उघडून वार अडवणारी ती छत्रीवाली. मुकादम दादाचा, छत्रीवाली माझी.

इथल्या, जर्मनीतल्या सहकाऱ्यांना मी एकदा सांगायला गेले की त्या सपाट खेळात काय होतं. त्यांच्याकडे आता खऱ्या माणसासारखी माणसं, खऱ्या शहरासारखी शहरं असलेले गेम आहेत. आमच्यात फक्त डावं आणि उजवं. आडोसा नाही. मागे सरकत गेलं की पडद्याची कड लागते आणि मग लढावंच लागतं. पण चित्रं हाताने काढलेली. मुकादम नुसता उभा असला तरी त्याचं धोतर हलायचं. आणि प्रत्येक हालचालीचा आवाज वेगळा. सोट्याचा, उडीचा, छत्री उघडल्याचा. रहीमभाई पाठमोरे बसूनही सांगायचे, "लडकी जीत रही है."

मी श्टुटगार्टला आले. एका गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासते. पहिली काही वर्षं कागदपत्रांत, भाषेच्या वर्गात आणि थंडीत गेली. रविवारी इथं भिंतीत खिळासुद्धा ठोकायचा नाही, इतकी शांतता पाळतात. त्या शांततेची मला भीती वाटायची. मग गेल्या वर्षी तो जुना गेम नव्याने कॉम्प्युटरसाठी निघाला, दोन देशांतून एकमेकांशी खेळता येईल असा. मी दादासाठी कंट्रोलर पाठवला. तहसीलसमोर त्याचं अर्ज टाइप करून देण्याचं दुकान होतं, कॉम्प्युटर होताच. दर रविवारी माझी दुपार, त्याची संध्याकाळ. कानात हेडफोन, त्यातून दादा ओरडायचा, "अडव ना! काहून उभी हाय?" त्या दोन तासांत मी श्टुटगार्टमध्ये नसायचे.

सुरुवातीला तोच जिंकायचा. उन्हाळ्यानंतर हरायला लागला. मुकादम भलत्याच दिशेला सोटा फिरवायचा. दादा म्हणायचा, "नेट अडकून राह्यलं." व्हिडिओ लाव म्हटलं तर, "व्हिडिओनं आणखी अडकते." मी त्याला चांगलं कनेक्शन घ्यायला सांगितलं, केबल बदलायला सांगितली. एका रविवारी चिडून म्हणाले, "मन नसेल तर सांग दादा, माझा रविवार कशाला घालवतोस?"

दादा म्हणाला, "खेळू ना. तुह्या छत्रीवालीचा आवाज तरी ऐकू येते."

मला तेव्हाही कळलं नाही.

डिसेंबरात घरी गेले. दादा दारात उभा होता, माझ्या आवाजाकडे तोंड करून हसला, पण डोळे माझ्या खांद्यापलीकडे होते. चहा आला तेव्हा वहिनीने त्याचा हात धरून कपापाशी नेला. मी आईकडे पाहिलं. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

साखरेच्या आजाराने दादाच्या डोळ्यांच्या आत रक्त उतरलं होतं. नागपूरला दोन ऑपरेशनं झाली होती. एक डोळा गेला, दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता, आणि डॉक्टरांनी आता पुढे काही नाही असं सांगितलं होतं. दुकान दिवाळीआधीच बंद करून कॉम्प्युटर घरी आणलेला. मी आईला विचारलं, मला का नाही सांगितलं?

"सांगून काय झालं असतं?" आई पोळी लाटतच म्हणाली. "तू तिकडं एकटी. रडली असती. मंग आम्ही त्याले पाह्यलं असतं का तुले?"

वहिनी मला बाहेर घेऊन गेली. जिने आयुष्यात गेम खेळला नव्हता, ती बाई दर रविवारी दादाच्या शेजारी बसत होती. पडद्यावर मुकादम शोधून द्यायची आणि हळूच सांगायची, डावीकडं, उजवीकडं. मला ऐकू जाऊ नये म्हणून त्याच्या मांडीवर बोटाने. बाकी तो आवाजावर खेळायचा.

"तुमचा रविवार मोडू नये, असं हे म्हणत," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादानेच कॉम्प्युटर लावायला सांगितला. आम्ही शेजारी-शेजारी बसलो, रहीमभाईंच्या दुकानानंतर पहिल्यांदाच. मी आवाज मोठा केला. तो मान तिरपी करून ऐकत होता, अंगठे तसेच चपळ. पहिला डाव मी जिंकले. दुसऱ्यात मुकादम चालून आला, आणि मी छत्री उघडली नाही. उभी राहिले. तीन वार घेतले, चौथ्यात छत्रीवाली पडली.

दादाने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"छत्रीचा आवाज नाही आला," तो म्हणाला. "तू हात सोडला."

"नाही दादा, चुकून..."

"तू चुकत नाही. मीच शिकवलं तुले." त्याने कंट्रोलर चाचपडत टेबलावर सरकवला. "तुले नव्हतं माहीत तोवर बरं होतं. तोवर मी नुसता हरून राह्यलो होतो."

मी माफी मागितली. तो म्हणाला, त्यात काय. त्यानंतर तो खेळला नाही. त्या दिवशी नाही, मी परत आल्यावरही नाही. वहिनीने दोनदा कॉम्प्युटर लावून दिला, तो उठून अंगणात गेला.

तुमच्यातले जे माझ्यासारखे निघून आलेत, ते विचारतील, परत का जात नाहीस. मीही विचारलं स्वतःला. जाऊन काय करू? त्याच्या एकेका हालचालीवर डोळे लावून बसेन, आणि तेच त्याला नको आहे. आणि जे तिथं राहिलेत, त्यांना काय सांगू? तुम्ही आम्हाला जपता आणि त्या जपण्यात आम्हाला घराबाहेर काढता. पण त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. केलंच. माझ्या कंपनीत कपात झाली, कॉन्ट्रॅक्ट पुढे वाढणार नाही म्हणाले. घरी मी सांगितलं, सगळं मजेत.

फोन अजून रविवारीच करते. आई उचलते. हवा, भाव, बाबांचे गुडघे. मग मी म्हणते, दादाला दे.

"तो बाहेर गेला हाय," आई म्हणते.

तिच्या मागे, त्याच खोलीत, दादा खोकतो. मला स्पष्ट ऐकू येतं, आणि आईलाही माहीत आहे की मला ऐकू आलं.

"बरं," मी म्हणते. "आला की सांग, मी फोन केलता."