दिवसा सांगायची गोष्ट

खोटं कशाला बोलू, मला त्या नव्या मास्तराचं बघवत नव्हतं. निजामाच्या राज्यातली आमची शाळा पाटोद्याजवळच्या एका गावात, मारुतीच्या देवळात भरायची. एका टोकाला माझा वर्ग, दुसऱ्या टोकाला त्याचा. मी आठ वर्षांचा मुरलेला मास्तर आणि तो काल आलेला, धड मिसरूडही न फुटलेला!

तालीम खात्याच्या, म्हणजे शिक्षण खात्याच्या साहेबांनी दोघांनाही सांगितलं होतं, लहान पोरांना वाचायला शिकवताना काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही निवडा. महिन्यानं येऊन बघतो, ज्याचं पसंत पडेल ते साऱ्या तालुक्याला लावू. मी पुण्याहून चित्रांची पुस्तकं मागवली. रंगीत! जहाज, आगगाडी, छत्रीवाली मडम. पहिल्या दिवशी पोरांनी आ वासला. चौथ्या दिवशी एकानं विचारलं, "गुर्जी, ही बाई रोज हितंच उभी ऱ्हाती का?"

आणि त्या पठ्ठ्यानं काय निवडावं? शिवलेली एक वही. ती घेऊन तो जात्यावरच्या बायकांकडे जायचा, नारायणगडच्या जत्रेत म्हाताऱ्यांपाशी बसायचा, ऐकलेल्या गोष्टी उतरवून घ्यायचा. वर्गात गोष्ट अर्धी सांगायचा आणि उरलेली फळ्यावर लिहायचा. पुढं काय झालं ते कळायला पोरांना वाचावंच लागायचं. वाचायची पण अशी, की माझी पोरं पुस्तकं सोडून तिकडं माना वळवायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्याच्या वर्गात सगळ्यांच्या पुढं कोण, तर माझी भाची. मी राहायचो बहिणीच्याच घरी. घरचं लेकरू आपल्या वर्गात नको म्हणून मीच तिला त्याच्याकडे बसवलेलं. जेवताना तिचं एकच, "मामा, आमचे गुर्जी लई झ्याक सांगतेत." मी ताटावरून लवकर उठायचो.

साहेब यायला आठ दिवस राहिले तेव्हा मी आडावर गेलो. बायका पाणी शेंदत होत्या. सहज बोलल्यासारखं बोललो, "नवा मास्तर दिवसाढवळ्या गोष्टी सांगतोय म्हणं. दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो म्हणतात. खरंखोटं देव जाणे, बायांनो!"

एवढंच बोललो. पण त्यातल्या प्रत्येकीला भाऊ होता. दुसऱ्या दिवशी त्याचा अर्धा वर्ग कानांत बोटं घालून बसला. त्यानं परोपरीनं समजावलं, पण पोरं ऐकेनात. मी आपला आगगाडीचं पान उघडून बसलो होतो. मनातून लई गार वाटलं.

साहेब आले. त्यांना पुढं धारूरला जायचं होतं आणि वाटेत सोबतीला त्यांनी मलाच बोलावलं होतं. माझ्या पोरांनी चित्रांखालची अक्षरं कशीबशी वाचली. मग नव्या मास्तरानं फळ्यावर लिहिलेली गोष्ट वाचून सांगायला माझ्या भाचीला उभं केलं. गोष्ट तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होती, घरी अंधार पडल्यावर तीच गोष्ट ती मला सांगायची. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"न्हाई सांगत."

"कावून गं?" मास्तर काकुळतीला आला.

"माजा मामा आज धारूरच्या घाटानं चाललाय. त्यो वाट चुकंल."

साहेब हसले. म्हणाले, "जी गोष्ट सांगायला पोरं भितात, ती तालुक्याला कशी लावायची?" माझी पुस्तकं पास झाली. नव्या मास्तरानं वही पिशवीत घातली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, "पोरीचा लई जीव हाय तुमच्यावर." त्याच्या बोलण्यात तिरकं काही नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. जिंकलो मी, आणि तरी मला त्याचाच हेवा वाटत होता.

पाचव्या दिवशी परत आलो तर भाची वेशीत उभी, भर उन्हात. रोजच येऊन थांबायची म्हणे. मला बघितलं आणि धावत येऊन धोतराचा सोगा धरला.

"आलास नीट?"

"आलो." मी तिथंच पारावर बसलो. "आता ती गोष्ट सांग मला."

तिनं वर सूर्याकडं बघितलं. "आत्ता? खुळा हाईस का मामा? दिवस मावळू दे."

आडावर काय बोललो होतो ते ओठापर्यंत आलं, पण तिला सांगायची माझी छाती झाली नाही. ती माझ्या शेजारी बसली, आणि दिवस मावळायची वाट बघत आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो.