पेरलेली खोली

माय माझ्याकडे राहायला आली तेव्हा तिची आठवण जात चालली होती, पण पाय शाबूत होते. हिंगोलीच्या डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराबद्दल फारशी आशा दाखवली नाही. "चालत्या ठेवा," एवढंच म्हणाले. "एकदा बसल्या की उठवणं अवघड." आमच्या हातात तेवढंच होतं. आम्ही तेच धरून चाललो.

अडचण फरशीची होती. घर बांधताना आम्ही हौसेने पांढऱ्या चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. मायला बाथरूमपर्यंत जाईतो कधी कधी लघवी आवरत नसे आणि त्याच ओल्यावरून ती घसरे. एकदा पडली ती मनगट मोडून घेऊनच उठली. तेव्हा मी ठरवलं, तिच्या खोलीत खाली असं काही टाकायचं की पाय घसरणार नाही, पाणी मुरणार नाही आणि वर्षानुवर्षं टिकेल. वर्षानुवर्षं, हे मी तेव्हा मनापासून म्हणत होते.

फरशीच्या दुकानाचे मालक वयस्क होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांनी लाकडासारखी दिसणारी एक पट्टी काउंटरवर ठेवली आणि तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलं.

"लाकूड न्हाई बेटा हे. दगडाची भुकटी अन् प्लास्टिक. फुगत न्हाई, वाळवी लागत न्हाई. वर बैल बांधा, काई तकलीफ न्हाई."

"बैल कवाच इकले चाचा," माझा नवरा म्हणाला. "आता सासूबाई हायत."

"मंग त्याच्यापेक्षा मजबूत दाखवतो."

मीही हसले. फिकट, राखाडी, गडद, असे नमुने मांडले होते. मी चप्पल काढली, चाचांकडून पाणी मागून तळवा ओला केला आणि एकेका पट्टीवर उभी राहून पाहिलं. शेवटी सगळ्यात गडद पट्टी निवडली, जवळजवळ काळी. डाग दिसणार नव्हते. दोन पट्ट्यांमधली रेघ चांगली खोल होती, म्हणजे पाय धरून राहील असं वाटलं.

घरात कॉलेजचं तोंड पाहणारी मी पहिली. माहेरी आमचं शेत नव्हतं. आमच्या साखरा गावाच्या आसपास लोकांच्या वावरात माय मजुरी करायची आणि पेरणीच्या दिवसांत ओटीत बी घेऊन तिफणीमागे चालायची. ती चालली म्हणून मी शिकले. तिच्या पायांसाठी काही करायला मिळतंय याचाच मला आनंद झाला होता.

कारागिरांनी जुन्या टाइल्सवरच पट्ट्या एकात एक अडकवत खोली भरून टाकली. पलंगापासून दारापर्यंत सरळ, उभ्या रेघा. खोली लांब दिसते म्हणाले. खरंच दिसत होती.

संध्याकाळी मायला आत आणून पलंगावर बसवलं. तिने पाय खाली सोडले आणि लगेच वर घेतले.

"काय झालं माय?"

"पेरलंय."

मला आधी कळलंच नाही. मी तिच्यासमोर चार पावलं चालून दाखवली.

"अगं, तुडवून राहिलीस काहून? माती दबली की उगवत न्हाई. बांधानं जा."

मी खाली पाहिलं. काळ्या जमिनीवर तिफणीने एका अंतराने ओढलेले सरळ तास. तिच्या जागी मी असते तर मलाही दुसरं काही दिसलं नसतं.

नवऱ्याने पलंगापासून दारापर्यंत सतरंजी अंथरली. "मामी, हा घ्या बांध," तो म्हणाला. मायने त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं आणि बांधावरून चालत बाथरूमला गेली. त्या रात्री आम्ही दोघं पोटभर जेवलो. पण तळवा धरून ठेवणाऱ्या त्या पट्ट्यांवरून सतरंजी मात्र सरकायची. एके सकाळी तिच्यासकट सरकली. मी जवळ होते म्हणून माय माझ्या अंगावर पडली, जमिनीवर नाही. त्यानंतर तिचा बांधावरही विश्वास उरला नाही.

मग मी खोटं बोलायला लागले.

"उगवलं माय. चल आता."

"उगवलं? मंग तर न्हाईच. कोंब मोडतेत."

काही दिवस जाऊ देऊन म्हणाले, "काढणी झाली. रान मोकळं हाय."

तिने वाकून पाहिलं. "धसकटं कुठं हायत? मला येडी समजतीस व्हय?"

आम्ही तिला दोघांनी धरून न्यायला लागलो. ती अंगाने अगदी हलकी झाली होती. तरी उचललं की उरलीसुरली सगळी ताकद लावून गुडघे पोटाशी ओढून घ्यायची, टाचसुद्धा खाली लागू नये म्हणून. परत पलंगावर ठेवलं की हुश्श करायची. दिवसभर तशीच, पाय आखडून बसून राहायची. डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले. शिरा आखडल्यात, म्हणाले. तेल चोळा. त्यांच्या आवाजावरून कळलं की तेल आमच्या समाधानासाठी होतं.

त्या रविवारी नवऱ्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पलंगापासून दारापर्यंतच्या पट्ट्या उचकटून काढल्या. निघता निघत नव्हत्या. खालच्या पांढऱ्या टाइल्स उघड्या पडल्या. मी त्या पुसून कोरड्या केल्या, मायच्या दोन्ही काखांत हात घालून तिला उभं केलं.

"बघ माय, इथं काई पेरलेलं न्हाई."

"न्हाई," ती म्हणाली. तिला दिसत होतं. तिने पाय टाकायचा प्रयत्न केला, तिचा चेहरा मी जवळून पाहत होते. गुडघे सरळ झाले नाहीत. पावलं टाइल्सच्या वर तशीच लोंबत राहिली.

"ऱ्हाऊ दे," थोड्या वेळाने ती म्हणाली. "ठिव मला."

आम्ही तिला पलंगावर ठेवलं. त्यानंतर तिने खाली उतरायचं नाव काढलेलं नाही.