शनिवारी दुपारी माझ्या खाटेवर कोण होतं

तुमच्या सदरातले भुताखेतांचे अनुभव मी वाचते आणि बहुतेक वेळा हसते. एकटीने राहते. नवरा जाऊन चौदा वर्षं झाली, तोही कधी दिसला नाही. मी चौथी शिकलेली बाई, रंगवून लिहिता येत नाही. झालं तेवढं सांगते.

मी नशिराबादची. तीन वर्षांमागे थंडीत मोरीत घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. पुतण्याने जळगावच्या एका दवाखान्यात भरती केलं, कागदांवर सह्या केल्या आणि कामावर निघून गेला. नंतर कोणी आलं नाही. शेजारच्या खाटेवर अमळनेरकडची एक बाई होती, तिच्याकडे डबे घेऊन अर्धं गाव यायचं. ती मला विचारायची, "काय व अक्का, तुनाकडे कोनीच येत नई का?"

मी म्हणायचे, "येतील."

यायची ती एक शिकाऊ नर्स. दीपाली नाव, साक्रीकडची, दुसऱ्या वर्षाला. त्यांची बॅच महिनाभर वॉर्डात शिकायला होती. शिकायला म्हणजे... चादरी बदलायच्या, रिपोर्ट आणायचे. एकदा माझा ताप बघताना म्हणाली, "कॉलेजात बाहुलीवर शिकवतात, आजी. इथे सिस्टरला विचारलं तर म्हणतात, एवढंही येत नाही? कॉलेजच्या मॅडमना विचारलं तर म्हणतात, सिस्टरला विचार."

"मग शिकतेस कुणाकडून?"

"आधीच्या बॅचच्या वह्यांवरून."

प्रत्येकीला एक पेशंट निवडून त्याची सगळी माहिती वहीत लिहायची होती. त्याला केस स्टडी म्हणतात. तिने मला निवडलं, कारण माझ्या खाटेजवळ गर्दी नसते. तसं तोंडावर सांगितलं तिने. मला आवडलं ते. पण ती विचारायची आणि मी हो-नाही एवढंच बोलायचे. मुलं? नाहीत. संपलं.

शनिवारी माझं ऑपरेशन झालं. बारा वाजता खाली नेलं. वर आणलं तेव्हा वॉर्डात दिवे लागले होते.

सोमवारी कॉलेजच्या मॅडम वही घेऊन माझ्याजवळ आल्या. मागे दीपाली, रडून डोळे सुजलेले.

"आजी, फाइलवर तुम्हाला अपत्य नाही असं लिहिलंय. हिने वहीत मुलगी लिहिलीय. कुणाची तरी वही उतरवली असणार. तसं असेल तर हिला वॉर्डातला हा सगळा महिना पुन्हा, आणि घरी पत्र."

"पत्र गेलं तर बाबा मला परत कॉलेजला पाठवणार नाहीत," दीपाली म्हणाली. "मी नाही उतरवली."

"काय लिहिलंय ते वाचा," मी म्हणाले.

मॅडमनी वाचलं. सातव्या महिन्यात मुलगी झाली. अकरा दिवस जगली. बारसं झालं नाही, पण आईने मनात तिचं नाव तापी ठेवलं होतं.

ते नाव मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सासूने बजावलं होतं, मूल झालंच नाही म्हणायचं. पन्नास वर्षं तेच म्हणत आले. अमळनेरची बाई कान देऊन ऐकत होती.

"खरं आहे," मी म्हणाले. "मीच सांगितलं."

मॅडमनी सही केली आणि गेल्या. मी दीपालीला जवळ बोलावलं. "कधी सांगितलं मी हे तुला?"

"असं काय, आजी? शनिवारी दुपारी नाही का. दोन तास बसले होते. तुम्ही माझा हात सोडेनात. चार वाजता कॉलेजची गाडी हॉर्न द्यायला लागली, तेव्हा उठले."

"शनिवारी दुपारी मी ऑपरेशनला होते."

"ते मी गेल्यावर झालं ना?"

मी तिला फाइल बघायला लावली. साडेबारा ते तीन ऑपरेशन, साडेसहाला वॉर्डात परत. तिने वही उघडली. शनिवार, दुपारी दोन, नाडी शहात्तर. त्या आकड्यावर तिने बोट ठेवलं. मग म्हणाली, "आम्ही कधीकधी न मोजता लिहितो, आजी. खोटं कशाला बोलू. पण ही मोजली होती. पूर्ण मिनिटभर."

भुलीत बडबडले असेन म्हणावं, तर मी वर येण्याआधीच तिची गाडी गेलेली. वार चुकला म्हणावं, तर शुक्रवारी ती सुट्टीवर आणि रविवारी त्यांची ड्युटीच नसते. शेजारणीला विचारलं, ती म्हणे, "मी झोपेल व्हतू."

दीपाली आता धुळ्याला एका दवाखान्यात नोकरीला आहे. कधी फोन करते. आम्ही तो विषय काढत नाही. उत्तर तिच्याकडे नाही, माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर कळवा.

भीती वाटत नाही मला. राग येतो. तापीचं नाव जन्मात एकदाच कुणाला सांगितलं गेलं, आणि ती पोरगी हात धरून दोन तास ऐकत बसली. नेमकी तेव्हा मी तिथे नव्हते.