पहिल्या वर्षाची टॉफी

दोन हजार एकवीसच्या दिवाळीत आयर्लंडमध्ये, नावनमधल्या आमच्या घरी कुणाकडूनही फराळाचं ताट आलं नाही. ही तक्रार क्षुद्र वाटेल. वाटू दे.

आई त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोविडने गेली, तिकडे नागपूरला. मला जाता आलं नाही. भावाने फोन धरला आणि मी इथल्या स्वयंपाकघरात उभी राहून सगळं बघितलं, तेही मध्येच रेंज जाईपर्यंत. शास्त्राप्रमाणे लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. चौथ्या दिवशी मी लॅपटॉप उघडून मीटिंगला बसले. शास्त्राला माझ्याकडून काही कमी पडलं नाही. पण दिवाळी जवळ आली तेव्हा मी नवऱ्याला सांगून टाकलं, यंदा आपल्याकडे कढई चढणार नाही. तो बरं म्हणाला.

वर्षाच्या आत ज्यांच्याकडे कुणी गेलेलं असतं, त्यांच्याकडे दिवाळीचं तळण होत नाही आणि शेजारीपाजारी त्यांना फराळ नेऊन देतात. ही पद्धत सगळीकडेच आहे. आमच्या आईचं वेगळेपण एवढंच, की ते ताट आमच्या तोंडात चकली पडायच्या आधी जायचं. आम्ही भावंडं कुरकुरायचो. "त्यांच्याकडे कोणी करणार नाही यंदा. तुमच्यासाठी मी आहे ना," असं म्हणून ती ताटावर रुमाल टाकायची आणि चपला घालायची.

इथल्या आमच्या वसाहतीत आमच्याशिवाय एकच मराठी घर, पुण्याकडच्या एका मैत्रिणीचं. आई गेली त्या संध्याकाळी हीच दारात खिचडीचा डबा ठेवून गेली होती. कढईचं मी तिच्या कानावर घातलं होतं. एवढं सांगितल्यावर पुढचं कुणाला सांगावं लागत नाही, अशी माझी समजूत.

आता टॉफीचं. आदल्या वर्षी, म्हणजे वीस साली, लॉकडाऊनमुळे हॅलोवीनला मुलांना खाऊ मागत दारोदार फिरता येणार नव्हतं आणि माझी मुलगी तोंड पाडून बसली होती. शेजारच्या आयरिश आजींनी कुंपणापलीकडून टॉफीची कृती सांगितली. लोणी, ब्राऊन शुगर, गोल्डन सिरप, आणि तयार होईपर्यंत उकळायचं. कधी तयार होतं ते त्यांना ठाऊक, मला नाही. माझी पहिली टॉफी दातांना अशी चिकटली की मुलगी दुसऱ्या दिवशीपर्यंत जिभेने दात कोरत होती.

मग आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन प्रेसला टेकवून ठेवला. कपाटाला आम्हीही आता इथल्यासारखं प्रेसच म्हणतो. आईने जन्मात टॉफी केली नव्हती, पण पाक तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

"काहून एवढी घाई करतेस? वाटीत गार पाणी घे. थेंब टाकून पाह्य. मऊ लागला तर उकळू दे अजून. वाटीवर आपटून टणकन वाजला, की उतरव."

दोन थेंब मऊच निघाले. तिसरा मी वाटीच्या काठावर आपटला. "वाजला," आई तिकडून माझ्याआधी म्हणाली.

एकवीस साली मुलं पुन्हा दारोदार फिरणार होती. मुलीने विचारलं, "आई, कॅन वी मेक आजीज टॉफी?" घरात त्या टॉफीचं नाव तेच पडलं होतं, नागपूरच्या आजीवरून. मी नाही म्हणू शकले नाही, आणि म्हणायचंही नव्हतं. वाटीत पाणी घेतलं. थेंब वाजला. मी गॅस बंद केला आणि तिथेच फरशीवर बसून रडले. आई गेल्यावर इतकी नीट मी तोवर रडले नव्हते. टॉफी कागदात गुंडाळून दारावर येणाऱ्या मुलांना वाटली. मैत्रीणही आपल्या मुलाला घेऊन आली होती. तिने दोन-तीन उचलल्या, एक तिथेच तोंडात टाकली.

चार दिवसांवर दिवाळी. तिने ग्रुपवर फराळाचे फोटो टाकले, लाडू, करंज्या, चकल्या, सगळं. बेल वाजली की मी उठत होते. एकदा पार्सलवाला निघाला, एकदा पलीकडच्यांची चुकलेली पिशवी. ते दिवस असेच गेले. मग शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या आणि तुझ्या मैत्रिणीच्या त्या गोल गोल खमंग वस्तू फारच छान होत्या म्हणाल्या. आमच्या दुसऱ्या बाजूच्या घरीही ताट गेलं होतं. मधलं घर आमचं.

आठवड्याने ती चहाला आली. मला मनात ठेवता येत नाही. मी विचारलं, "आमच्याकडे ताट नाही आलं गं?"

"अगं, भरलं होतं मी," ती म्हणाली. "पण तू हॅलोवीनला टॉफी केलीस ना, मग मला वाटलं की तू काही पाळत नाहीयेस. उगाच ताट आणून आठवण कशाला करून द्यायची? आणि ॲक्च्युअली मुलींना तीनच दिवस असतं ना?"

ती वाईट बाई नाही. तिने खरंच विचार केला असणार, म्हणूनच मला जास्त झोंबलं. आठवण करून द्यायची, म्हणे. मी आईला विसरले होते आणि दोन करंज्या बघून मला ती आठवली असती! ती टॉफी कुणाची होती हे सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण तिने चहात बिस्किट बुडवलं आणि म्हणाली, "बाय द वे, टॉफी काय भारी झाली होती. रेसिपी पाठव ना."

मी तिच्यासमोरच पाठवली. लोणी, ब्राऊन शुगर, गोल्डन सिरप, सगळ्याची मापं अगदी बरोबर. खाली शेजारच्या आजींचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं, तयार होईपर्यंत उकळायचं. वाटीतल्या पाण्याचं लिहिलं नाही. तिची टॉफी दातांना चिकटेल. चिकटू दे. थेंब टाकून बघायला मला माझ्या आईने सांगितलं होतं.