वरकसची माती

मी गाव सोडलं तेव्हा माळावर गवताची कापणी चालू होती. मुरबाडपासून आत, डोंगराच्या पायथ्याशी आमचं गाव. नाक्यावर कल्याणला जाणारी जीप भरत आली होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आई माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होती, आणि बाबांचा पत्ता नव्हता. ते आले ते थेट माळावरून. डोक्याला टॉवेल, शर्टाला कुसळं चिकटलेली. पोर परदेशी निघालीय, निदान हातपाय तरी धुवायचे, असं आई पुटपुटली. त्यांनी लक्ष दिलं नाही. गवत न्यायला ट्रक येणार होता, त्यांना लगेच परत जायचं होतं. जीपच्या खिडकीवर हात ठेवून त्यांनी एवढंच विचारलं,

"तिकडं सुदा मातीच उकरनार ना गो तू?"

मी हो म्हटलं. बरं, मग जा, म्हणाले आणि मागे सरले.

मुलगी दापोलीला शेतीचं शिकली, इथवर त्यांना कळत होतं. पुढे मातीवरच संशोधन करायला ती इंग्लंडला का चाललीय, हे कळत नव्हतं. आपल्याकडे काय माती कमी आहे का, असं ते चारचौघांत हसून म्हणायचे. हसण्यामागे काय होतं ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. तुमच्यापैकी जे बाहेर पडले त्यांना माहीत असेल, निघताना आपल्या कानात फक्त आपलंच पुढचं वाजत असतं.

आमची भाताची खाचरं खाली ओढ्याच्या अंगाला. वर उतारावर वरकस जमीन, म्हणजे भात न होणारी. तिच्या एका कोपऱ्यात नाचणी, वरी, बाकी सगळं गवत. हा माळ बाबांचा आणि चुलत्यांचा सामाईक. त्यावर नांगर फिरलेला कुणाला आठवत नव्हता. दिवाळीच्या सुमारास गवत कमरेला लागायचं, मग कापून पेंढ्या बांधायच्या आणि त्या वखारीमार्फत मुंबईकडच्या तबेल्यांना जायच्या. गावात कुणी माळाला खरी जमीन समजत नसे. जमीन म्हणजे भाताची.

इंग्लंडच्या उत्तरेला डोंगराळ भागात मला काम मिळालं ते नेमकं अशाच गवताळ जमिनीवर. पिढ्यान्‌पिढ्या न नांगरलेली कुरणं. वर्षातून एकदा उशिरा, बी पडून गेल्यावर कापायची, मग गुरं सोडायची. आम्ही तिथली माती खोलवर काढून आणायचो आणि तिच्यात कोण राहतं ते बघायचो. मुळांच्या जाळ्यात बुरशीचे धागे असतात, डोळ्यांना सहसा न दिसणारे. ते आणि मुळं मिळून मातीचे कण धरून ठेवतात, पाणी मुरवतात. नांगर फिरला की हे जाळं तुटतं, आणि पुन्हा विणायला माणसाचं आयुष्य पुरेलच असं नाही. माझ्या बरोबरीचे लोक या कुरणांबद्दल देवळाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलत. मला मात्र दर वेळी आमचा माळ दिसायचा, आणि त्यावर पाय पसरून डबा खाणारी आई.

काही वर्षांनी मी ठरवलं की आमच्या माळाची माती तपासायची. ती तिकडे न्यायच्या रीतसर परवानग्या काढल्या आणि दिवाळीत घरी आले. तोवर माझं लग्न झालं होतं, मुलगा तिकडच्या शाळेत जायला लागला होता. बाबा थकले होते, पण माझ्याबरोबर माळ चढले. मी नळी ठोकून माती काढायची, त्यांनी पिशवीचं तोंड धरायचं. एवढ्याशा मातीला एवढा मान, असं म्हणत त्यांनी प्रत्येक पिशवी स्वतः बांधली.

घरी आल्यावर मी त्यांना एक साधी गंमत दाखवली. दोन ग्लासांत पाणी घेतलं. एकात माळावरचं सुकं ढेकूळ सोडलं, दुसऱ्यात शेजारच्या दरवर्षी ट्रॅक्टर फिरणाऱ्या तुकड्यातलं. दुसरं बघता बघता विरघळून तळाशी गाळ झाला. माळावरचं तसंच राहिलं. आई भाकऱ्या टाकून झाल्यावर येऊन बघून गेली, तरी ते तसंच. बाबा ग्लासाजवळ तोंड नेऊन बसले होते. पाणीसुद्धा गढूळ झालं नाही, एवढंच म्हणाले. पण संध्याकाळी शेजारचे आले तेव्हा त्यांनी मला विचारून तो खेळ पुन्हा मांडला, आणि या वेळी सगळं स्वतः समजावून सांगितलं.

दोनच दिवसांनी माझा चुलतभाऊ प्रकाशदादा आला. तो वाशिंदला कारखान्यात कामाला, चुलत्यांच्या मागे माळाचा अर्धा वाटा त्याचा. माळाला गिऱ्हाईक आलं होतं. प्रकाशदादा वाईट माणूस नाही. त्याचं म्हणणं सरळ होतं. गवत कापायला माणूस मिळत नाही, सगळे भिवंडीच्या गोदामांवर जातात. तबेले पहिल्यासारखं गवत घेत नाहीत. उन्हाळ्यात कुणी विडी टाकली की सगळा डोंगर पेटतो. नुसता अर्धा वाटा विकायचा म्हटलं तर कुणी घेत नाही. मी त्याला बुरशीचं, मुरणाऱ्या पाण्याचं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, हे सगळं खरं आहे, पण सांभाळणार कोण?

तो गेल्यावर बाबा ओट्यावर येऊन बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"तू येनार हायस का परत? येनार असशील तर सांग. मी नाय देत मग. प्रकाशला मी समजावतो."

माझ्या डोळ्यांपुढे तिकडचं सगळं आलं: मुलाची शाळा, नवऱ्याची नोकरी, माझं काम, जे इथे राहून कुठे करता आलं असतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना खोटी आशा लावणं मला जमलं नाही. आत्ता सांगता येत नाही बाबा, असं म्हटलं. त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर मी भांडले तरी असते.

माळ गेला. आधी जेसीबी आले आणि वरची माती, खालचा मुरूम उचलून कुठल्याशा रस्त्याच्या भरावाला गेला. मग प्लॉट पडले, फार्महाऊस उभी राहिली. प्रकाशदादाने फोनवर सांगितलं, तिथे आता लॉन लावलंय. गवताच्या तयार गुंडाळ्या ट्रकमधून येतात, चटईसारख्या अंथरतात, आणि उन्हाळ्यात टँकरने पाणी घालतात. सांगताना तोही हसला नाही.

माझ्याकडे पिशव्यांतली माती होती. तिचे निकाल चांगले आले, लेख छापून आला, परिषदेत लोकांनी पुन्हा कधी नमुने काढणार असं विचारलं. पण परदेशातून आणलेली माती काम संपल्यावर ठेवता येत नाही. तिच्यातून रोगकीड पसरू नये म्हणून ती जाळून टाकायची, असा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. मी स्वतः पिशव्या खाली जाळायला नेऊन दिल्या. काही जादा पिशव्या उघडाव्याच लागल्या नव्हत्या; त्यांवरच्या बाबांनी मारलेल्या गाठी मला सोडवायच्या नव्हत्या, म्हणून तशाच दिल्या.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले. आईचे गुडघे प्रवासाला तयार नव्हते, ते एकटेच आले. त्यांना काय दाखवावं हा प्रश्नच नव्हता. कापणीच्या दिवसांत मी त्यांना कुरणावर नेलं. ज्याचं कुरण तो म्हातारा शेतकरी कापलेलं गवत सुकायला उलथत होता. उशिरा कापतो म्हणून त्याला सरकारकडून मदत मिळते, हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, गवत राखायला? मी हो म्हटलं. मग ते खूप वेळ नुसते चालत राहिले. वाकून मूठभर गवत उचललं, नाकाशी नेलं, आणि तसंच हातात धरून उभे राहिले.

म्हाताऱ्याने काम थांबवलं आणि बाबांकडे बघून हसला. गवत कसं हातात घेतलंय यावरूनच त्याला कळलं असणार. त्याने मला विचारलं, यांचंही कुरण आहे का?

मी बाबांना मराठीत सांगितलं, तुमचा माळ आहे का असं विचारतोय. बाबांनी समोरच्या उताराकडे बघितलं.

"हाय म्हन," ते म्हणाले.

मी तसंच सांगितलं. मग त्याने विचारलं, केवढं, कधी कापता, काय काय उगवतं. बाबा सांगत गेले, मी इंग्रजीत करत गेले. दोघे म्हातारे एकमेकांकडे बघून माना हलवत होते, आणि मी मधे उभी राहून, आता नसलेल्या जागेचं सगळं वर्तमानकाळात सांगत होते.

आता मला कुणी घर कुठे असं विचारलं की मीही तसंच सांगते. मुरबाडकडे आमचा माळ आहे, दिवाळीत त्याचं गवत कमरेला लागतं. खोटं बोलतेय असं वाटत नाही. फक्त माझा मुलगा जवळ असला की तो विचारतो, मग आपण तिथे कधी जायचं, आणि मी त्याला बाबांना ओट्यावर दिलं होतं तेच उत्तर देते.