मैनेसाठी हरळी

नाशकात टांगे होते तेव्हाची सकाळ काही वेगळीच असायची, असं लंकाबाई कुणालाही सांगायची. ऐंशीनंतर रिक्षा वाढल्या, टांगे एकेक करून गेले. तिच्या नवऱ्याचा, गोटीरामचाही गेला. त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. पण बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्याचा विषय निघाला की तिचा आवाज बदलायचा, कारण त्यात मैना होती.

मैना म्हणजे दीड वर्षाचं शिंगरू. तिची आई, टांग्याची घोडी, त्या उन्हाळ्याआधीच्या थंडीत गेली आणि टांगा दारात उभा राहिला. दुसरं घोडं नव्हतं. गोटीराम बाजारात हमाली करून दिवस काढत होता. मैना जगली तर टांगा पुन्हा रस्त्यावर येणार, नाहीतर तो चुलीत घालायचा.

पण गवत कुठलं? दरसाल भारे घेऊन येणारे गाडीवान त्या साली फिरकलेच नाहीत. लोक दावणीच्या गाई सोडून देत होते, तिथं शिंगराला कोण विचारतो! गोटीरामने घोटीहून भाताचा पेंढा मिळवला आणि मैनेपुढे टाकत राहिला. काही दिवसांत तिचं पोट नगाऱ्यासारखं दिसायला लागलं. गोटीराम भलताच खूश झाला. आल्यागेल्याला दाखवायचा, "बघा, कशी भरली आमची मैना!"

लंकाबाईने मैनेच्या कुशीवरून हात फिरवला. फासळ्या बोटांना टोचत होत्या.

"अहो, ही भरली नाय, फुगलीय. पेंढा बैलाला ठीक हाय, तो रवंथ करतो. हिच्या अंगाला काय लागतंय?"

"मग काय घालू, माझं डोकं?"

"त्यात तरी काय हाय खायासारखं?" असं म्हणून ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सायखेड्याला माहेरी गेली.

तिचा सासरा जन्मभर टांगेवाला. घोड्याला हरळीसारखं गवत नाही, असं तो म्हणायचा, तेव्हा ही शेतकऱ्याची लेक तोंडाला पदर लावून हसायची. हरळी म्हणजे रानाची सात जन्मांची वैरीण. लहानपणी तिने ती खुरप्याने खणून बांधावर फेकली होती. पण आता सगळं रान करपलं तरी मातीखाली हरळीच्या मुळ्या जिवंत असणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

दारात बहीण बघून तिच्या भावाचा, कारभारीचा, चेहरा उतरला. दाणे मागायला आली असेल, आणि कणगी तर रिकामी.

"दादा, मला हरळी पायजे."

"हरळी?" कारभारीचा जीव भांड्यात पडला. "अगं लंका, सगळी ने! मुळासकट ने! माझ्यावर उपकार होतील."

मग उन्हाळाभर तिच्या खेपा चालू राहिल्या. तापलेल्या जमिनीत खुरपं चालवून तळहात सोलून निघाले. मुळ्यांना माती राहिली तर शिंगराच्या पोटात दुखणं उठतं, म्हणून ती जुड्या झोडपायची आणि गोदावरीच्या उरल्यासुरल्या डोहात धुवायची. कंडक्टर म्हणायचा, "तिकीट काढून हरळी नेणारी बाई पहिल्यांदाच बघतोय." मैनेला आधी पेंढ्यात मिसळून थोडी, मग जास्त, अशी तिने सवय लावली. पोट ओसरलं तसा गोटीराम कुरकुरला, "वाळली की गं." लंकाबाईने त्याचा हात धरून मैनेच्या कुशीवर ठेवला. फासळ्या आता मांसाखाली गेल्या होत्या.

पावसाळा सरला आणि डोंगराकडचे गाडीवान पुन्हा आले. गोटीरामने भारा सोडला. मैनेने त्या ताज्या वासाच्या गवतात तोंड खुपसलं आणि कराकरा खात राहिली, मान म्हणून वर केली नाही. लंकाबाई उंबऱ्यावर बसली आणि पदरात तोंड घालून हुंदके देऊन रडायला लागली.

गोटीराम घाबरला. "अगं, जगली ना ती! मग आता का रडती?"

"तेव्हा रडत बसले असते, तर हरळी कोण खणणार होतं?"